शाळा सोडल्याचे कारण

शाळेच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर सात जाडजूड रजिस्टरं आहेत. पूर्वी ती खालच्या फळीवर असत. 2018 च्या जुलैत वसईत पाणी भरलं, तेव्हा आमच्या ऑफिसात घोटाभर पाणी आलं होतं. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई आणि मी, आम्ही दोघींनी आधी ती सात रजिस्टरं उचलून वर ठेवली आणि मग तांदळाच्या पोत्यांना हात घातला. तेव्हापासून ती वरच आहेत.

याला जनरल रजिस्टर म्हणतात. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाला त्यात एक नंबर मिळतो आणि तो पुन्हा दुसऱ्या कुणाला मिळत नाही. बाकीचे कागद ठरावीक वर्षांनी रद्दीत काढता येतात, जनरल रजिस्टर मात्र कायम जपायचं असतं. प्राथमिक शाळेला कारकून नसतो, त्यामुळे नोंदी मुख्याध्यापकच करतात. सातव्या रजिस्टरातली निम्म्याहून अधिक पानं माझ्या अक्षरात आहेत.

शाळा वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका कॅथलिक धर्मग्रामाची, म्हणजे एका चर्चखालच्या वस्तीची. मराठी माध्यम, पहिली ते चौथी. मी इथेच 1969 ते 1973 शिकले, डी.एड. करून 1986 साली इथेच बाई म्हणून रुजू झाले आणि 2021 च्या मे महिन्यात मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. पहिल्या रजिस्टरातली पहिली नोंद 1924 ची आहे. शाळेला शंभर वर्षं झाली म्हणून धर्मग्रामाने शतक महोत्सव समिती नेमली आणि जुनी माहिती काढून द्यायला मला बोलावलं.

समितीला स्मरणिकेसाठी नामवंत माजी विद्यार्थ्यांची यादी हवी होती. ती करणं अवघड नव्हतं. या शाळेने धर्मगुरू दिले, सिस्टर दिल्या, डॉक्टर दिले, बँकेत मोठ्या पदावर गेलेले दिले. मी नावं लिहायला घेतली आणि अडले. चाळीस नावं लिहिल्यावर एकेचाळिसावं का लिहायचं नाही, याचं उत्तर मला सापडेना. पुढच्या बैठकीत मी म्हटलं, सगळीच छापा. पहिल्या नंबरापासून शेवटच्यापर्यंत. नोंदी 4,212 होत्या. समितीचे अध्यक्ष माझेच विद्यार्थी. ते म्हणाले, "बाई, पानं किती होतील याचा विचार करा." हिशेब त्यांचा बरोबर होता. पण माझ्या डोक्यातून ते जाईना, आणि यादीच्या निमित्ताने मी रजिस्टरं पहिल्या पानापासून वाचायला घेतली. पस्तीस वर्षं मी त्यांत लिहीत आले होते. सलग वाचली मात्र कधी नव्हती.

पहिल्या तीन रजिस्टरांतला छापील मजकूर जुन्या लेखनाचा आहे. 'विद्यार्थ्याचें नांव', 'शाळा सोडल्याचें कारण'. डोक्यावर टिंबं, नाकात म्हटल्यासारखी. अक्षर बाळबोध, पण शेऱ्याखालच्या सह्या मोडीत. नाव, धर्म व जात, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, दाखल झाल्याची तारीख, प्रगती, वर्तणूक, सोडल्याची तारीख, सोडल्याचं कारण. एका मुलाच्या चार वर्षांना एक ओळ.

जन्मतारखांच्या रकान्यात बोट खाली खाली नेलं की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. आमच्या ख्रिस्ती मुलांच्या तारखा नाना तऱ्हेच्या आहेत, कुणी 9 मार्चचा, कुणी 23 ऑगस्टचा. मूल जन्मलं की काही दिवसांत बाप्तिस्मा व्हायचा आणि चर्चच्या वहीत जन्माची तारीख नोंदली जायची. शाळेत घालताना बाप तोच कागद घेऊन यायचा. बाकीच्या मुलांच्या जन्मतारखा मात्र पानंच्या पानं 1 जून. वारली, मल्हार कोळी, कातकरी, वाडीवर मजुरीला आलेल्यांची मुलं, सगळी एकाच दिवशी जन्मलेली. "पावसात झाला", "भात कापत होतो तेव्हा झाली," आई एवढंच सांगायची. मास्तर मुलाकडे बघून वयाचा अंदाज करायचे आणि जूनची पहिली तारीख टाकायचे. मीही टाकली आहे. आमच्या भागातल्या किती आजोबांचा सरकारी वाढदिवस अजून त्याच तारखेला येतो!

मनात आलं, चर्चच्या वहीत फक्त आम्ही आहोत. शाळेच्या वहीत सगळे आहेत.

चर्चच्या वहीचा एक मोठेपणा मात्र सांगायलाच हवा. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं नाव पहिल्यापासून असतं. आमच्या रजिस्टरात ते फार उशिरा आलं. जुन्या रजिस्टरांत मुलाचं, बापाचं नाव आणि आडनाव, आई कुठेच नाही. आता 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांची नावं सरकारी कागदावर मूल, आई, वडील, आडनाव अशा क्रमाने लिहायची आहेत. ती मुलं पहिलीत येतील तेव्हा मी ऑफिसात नसेन, पण रकाना भरणाऱ्या बाईंचा मला आत्ताच हेवा वाटतो.

आडनावांविषयी बाहेरचे लोक नेहमी विचारतात. परेरा, लोपीस, डाबरे, तुस्कानो, कोरिया, घोन्साल्वीस, ही माणसं मराठी कशी? पोर्तुगीज 1534 साली वसईत आले, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. मधल्या दोनशे वर्षांत आमच्या पूर्वजांनी धर्म घेतला आणि धर्माबरोबर आडनाव आलं. बोली बदलली नाही. घराघरात सामवेदी नाहीतर वाडवळी चालूच राहिली. चावी, पगार, घमेलं, बटाटा, हे शब्दही त्याच गलबतांतून उतरले आणि मराठी झाले. आमची आडनावंही तशीच झाली, असं मी वर्गात सांगायचे, आणि मुलांना ते चटकन पटायचं. एका वर्गात पाच कोरिया असले की आजोबांच्या नावाने नाहीतर घराच्या खुणेने ओळखायचे. विहिरीवरचा, आंब्याकडचा, बावखलाजवळचा.

बावखल म्हणजे वाडीतलं तळं. पावसाचं गोडं पाणी धरून ठेवणारं. माझ्या लहानपणी त्याच्या काठावरून शाळेची वाट जायची. पहाटे रहाटाचा आवाज, मग फुलं तोडायची. मोगरा, चाफा, जास्वंद. टोपल्या दादरच्या बाजारात पोचायला हव्यात म्हणून मोठी माणसं पहिल्या लोकलला पळायची, आणि आम्ही हिरव्या देठांनी चिकट झालेले हात तसेच घेऊन प्रार्थनेला उभं राहायचो. घंटा म्हणजे चिंचेला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. दुपारी बाराला चर्चची घंटा झाली की वर्ग मिनिटभर उठून उभा राहायचा. ख्रिस्ती मुलं तोंडातल्या तोंडात प्रार्थना म्हणायची, बाकीची नुसती हात जोडून. नवीन मूल दोन दिवस इकडेतिकडे बघायचं, तिसऱ्या दिवशी आपोआप उठायचं.

दिवसातला एकच तास वर्ग दोन ठिकाणी बसायचा. ख्रिस्ती मुलं धर्मशिक्षणाला सिस्टरांकडे, बाकीची नीतिशिक्षणाला माझ्याकडे. ही वाटणी मला सुरुवातीला खटकायची. वर्गाची चिरफळी पडते असं वाटायचं. नंतर कळलं की मुलं ती फार मनावर घेत नाहीत. तास संपला की दोन्हीकडच्या गोष्टींची देवाणघेवाण व्हायची. सिस्टरांनी सांगितलेली हरवलेल्या मेंढराची गोष्ट वारल्यांच्या मुलांना आमच्या मुलांपेक्षा जास्त भिडायची, कारण शेळी हरवली की रात्री कंदील घेऊन कोण जातं, हे त्यांना घरूनच माहीत होतं.

नाताळचा गोठा हा आमच्या शाळेचा वर्षातला सगळ्यात मोठा उद्योग. पेंढा वाडीतून, माती बावखलाच्या काठची, आणि गोठ्यापुढचं हिरवं कुरण म्हणजे बारा-पंधरा दिवस आधी पत्र्याच्या डब्यांत पेरलेली नाचणी. हे पेरायचं काम बरीच वर्षं एका कोळी घरातल्या मुलींकडे होतं. एक बहीण चौथी सुटली की धाकटी हाती घ्यायची. कारण त्यांच्या घरी घटस्थापनेला धान्य पेरतात. किती पाणी घालायचं, कुठवर अंधारात ठेवायचं, कोंब पिवळे हवे असतील तर काय आणि हिरवे हवे असतील तर काय, सगळं त्यांना ठाऊक. डबा उचलून त्या तळाला हात लावून बघायच्या, गार लागला तर त्या दिवशी पाणी नाही. मी अजून घरच्या गोठ्यासाठी नाचणी पेरते तेव्हा आधी डब्याच्या तळाला हात लावते. देवीच्या घटावरून शिकलेलं ज्ञान बाळ येशूच्या पायाशी हिरवं होऊन उभं राहायचं, आणि त्यात काही विशेष आहे असं गावात कुणाला वाटायचं नाही. मला वाटायचं. अजूनही वाटतं.

तिसरी-चौथीच्या वयात प्रथम कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याचा विधी. मुलींना पांढरे झगे, डोक्यावर जाळीची ओढणी, मुलांना पांढरे शर्ट, हातात मेणबत्ती. वर्षभर प्रार्थना पाठ करून घेतलेल्या असायच्या. त्या रविवारी मी वर्गातल्या बाकीच्या मुलांनाही मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, बोलवायचे. ती मागच्या बाकांवर चुळबुळ न करता बसायची. एका वर्षी एका वारली मुलाने सोमवारी विचारलं, "बाई, माझा नंबर कधी?" त्याला वाटलं होतं, शिष्यवृत्तीसारखी ही परीक्षा आहे आणि तो नापास झाला आहे. मी त्याला जवळ घेऊन समजावलं खरं, पण माझं उत्तर त्याला पुरलं नाही हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पुढच्या वर्षीपासून आम्ही एक बदल केला. त्या रविवारनंतरच्या सोमवारी चौथीतल्या प्रत्येक मुलाने, धर्म कुठलाही असो, एकेक मेणबत्ती पेटवून आपण मोठे झालो म्हणून एक काम अंगावर घ्यायचं. कुणी पाण्याची टाकी, कुणी धाकट्यांना रस्ता ओलांडून देणं. तो मुलगा तेव्हा शाळा सोडून गेला होता. हे त्याच्यासाठी सुरू झालं आणि त्यालाच मिळालं नाही.

मैलाचे दगड म्हणतात ते समितीच्या यादीत नीट होते. नवी इमारत, पत्र्यांची कौलं, कौलांचा स्लॅब, रौप्य, सुवर्ण, हीरक महोत्सव. 1998 मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, म्हणजे वसईला स्वतःचे बिशप मिळाले. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला आणि दाखल्याच्या शिक्क्यावरचं 'जि. ठाणे' गेलं. जानेवारी 2020 मध्ये आमच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो धाराशिवच्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आम्ही फळ्यावर रंगीत खडूने ते लिहिलं आणि आठवडाभर पुसू दिलं नाही. आपण घरी बोलतो तसं बोलणाऱ्या, आपल्यासारख्याच शाळेत बाराखडी गिरवलेल्या माणसाला अवघ्या मराठीने आपलं म्हटलं, हे मुलांना कळावं असं मला फार वाटत होतं.

पण रजिस्टर वाचताना मला दिसत होते ते मैलाचे दगड वेगळे. महिन्याचे तीन किलो तांदूळ सुरू झाले त्या वर्षी गैरहजरीमुळे नाव कमी झालेल्या नोंदी एकदम घटल्या. हजेरी ऐंशी टक्के असेल तरच तांदूळ, म्हणून आया मुलांना धरून आणायच्या. पुढे शाळेतच शिजवायला लागले आणि दुपारनंतर पळून जाणारी मुलं थांबली. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली. एक मूल दोन शाळांत दाखवलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला शाई लावली होती. आमच्या पहिलीतल्या एका मुलीने घरी जाऊन सांगितलं, मी मत देऊन आले.

आणि सोडल्याचं कारण. तो रकाना मी दोनदा वाचला. 'पुढील शिक्षणासाठी', हे सगळ्यात जास्त. 'पालकांचे स्थलांतर'. 'सतत गैरहजर'. जुन्या काळात 'शेतीकामामुळें', 'गुरें राखण्यासाठीं'. मुलींच्या ओळींत 'घरकामामुळें', कुठे 'विवाहामुळें'. अकरा ठिकाणी 'मयत'. त्यातला एक मी लिहिला आहे. दुसरीतला मुलगा, तीन दिवसांचा ताप. मी ती नोंद करायला पंधरा दिवस लावले. हजेरीपटावर रोज त्याचं नाव आलं की वर्ग माझ्याकडे बघायचा आणि मी पुढचं नाव घ्यायचे. शेवटी फादर म्हणाले, "बाई, त्याच्या आईला दाखला लागणार नाही. पण वहीला खरं लागतं." त्या ओळीतलं माझं अक्षर बाकीच्या पानापेक्षा लहान आलं आहे.

साधारण 2000 नंतर पट उतरायला लागला. इंग्रजी शाळा आल्या, बस घरापाशी येऊ लागली. मे महिन्यात आम्ही शिक्षिका उन्हातून दारोदार फिरायचो, पहिलीला मूल द्या म्हणून. पट कमी झाला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, पद जातं, पद गेलं की एक जण अतिरिक्त ठरतो आणि समायोजनात दुसऱ्या शाळेत, कुठल्या कुठे जातो. माझ्या दोन सहकारी अशाच गेल्या. दारावर लोक सरबत द्यायचे, बाई बसा म्हणायचे, आणि मुलाचं नाव इंग्रजीत घातल्याचं खाली बघून सांगायचे. मी त्यांना कोणत्या तोंडाने बोलणार होते? माझ्या मुलालाही आम्ही इंग्रजी शाळेत घातलं होतं. घरात सगळ्यांचं एकमत होतं, माझं नव्हतं, पण मी भांडले नाही. तो उत्तम शिकला. माझ्या शाळेच्या रजिस्टरात त्याचा नंबर नाही, ही खंत मात्र माझ्याजवळ राहिली आहे.

आज शाळेत साठेक मुलं आहेत. त्यांतली ख्रिस्ती नऊ. बाकीची आदिवासी पाड्यांवरची, इमारतींच्या कामावर आलेल्यांची, जालना-नांदेडकडची, उत्तर प्रदेशातली. एका बैठकीत कुणीतरी तळमळीने विचारलं, मग ही ख्रिस्ती शाळा राहिली का? प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण मी रजिस्टरं वाचून आले होते. मी उठून सांगितलं, पहिल्या रजिस्टराच्या पहिल्या पानावर वीस नावं आहेत, त्यांतली सात आपली नाहीत. रस्ता नव्हता, वीज नव्हती, फी भरायला पैसे नव्हते, तेव्हाही सात होती. ज्यांची जन्मतारीखही कुणी लिहून ठेवली नव्हती, त्यांना नंबर देऊन वहीत घेणं, याच्याहून वेगळं ख्रिस्ती काम शाळेचं कोणतं असतं? त्या दिवशी माझा आवाज चढला होता.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाली, तेव्हा चौथीच्या मुलांचा निरोप समारंभ तोंडावर होता. ओवाळायची ताटं, पेन्सिलींचे डबे, सगळं आणून ठेवलेलं. तो झालाच नाही. जूनमध्ये दाखले ऑफिसच्या खिडकीच्या गजांतून दिले, तोंडाला फडकं बांधलेल्या पालकांच्या हातात. पुढच्या वर्षीची चौथी तर वर्गात आलीच नाही. त्या मेमध्ये मी निवृत्त झाले. किल्ल्या टेबलावर ठेवल्या, सात रजिस्टरं मोजून दिली, चिंचेखालच्या त्या रुळाला एकदा हात लावला आणि घरी आले.

शतक महोत्सवाची सांगता 2024 च्या डिसेंबरात झाली. सगळी नावं स्मरणिकेत छापता आली नाहीत, पण समितीच्या अध्यक्षांनी मधला मार्ग काढला. माजी विद्यार्थ्यांतल्या तरुण मुलांनी महिनाभर रात्री बसून नावं कॉम्प्युटरवर घेतली, मी वाचून दाखवत होते. त्यांचे मोठे फ्लेक्स करून शाळेच्या व्हरांड्यात वर्षवार लावले. फक्त नंबर, नाव आणि दाखल झाल्याचं वर्ष. जात नाही, कारण नाही. मांडवात भाषणं चालू होती, वाद्यवृंद होता, आणि निम्मे लोक व्हरांड्यात. बोटं ओळींवरून फिरत होती. पाड्यावरचे एक आजोबा नातवाला सांगत होते, हा बघ मी, आणि नातू अक्षर लावून वाचत होता. 2020 च्या चौथीतली मुलंही आली होती, मिसरूड फुटलेली. आपापल्या नावाशेजारी उभं राहून फोटो काढत होती. ताट घेऊन मी तिथेच त्यांना ओवाळलं.

माझ्या आत्याला मी खुर्चीत बसवून आणलं होतं. वय नव्वद. लाल लुगडं, पाठ वाकलेली, नजर बरी. ती सामवेदी बोलते, इथे मी तिचं बोलणं नेहमीच्या मराठीत लिहिते आहे. तिसरीत असताना तिची शाळा सुटली. तेवढ्या अक्षरांवर ती आजवर 'सुवार्ता' हे आमच्या वसईचं ख्रिस्ती मासिक बोट ठेवून वाचत आली आहे. तिच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायचा. साठच्या दशकात दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या बिशपांची सभा झाली, त्यानंतर तो मराठीत आला, आणि बायकांत पुस्तक हातात धरून वाचणारी ती पहिल्या चार-पाच जणींतली.

1940 च्या फ्लेक्ससमोर तिने स्वतःचं नाव शोधलं. मी दाखवायला गेले तर म्हणाली, "थांब." सापडल्यावर तिने ते मोठ्याने वाचलं, आडनावासकट. मग विचारलं, "माझा दाखला असेल का गं? मला कुणी दिला नव्हता."

आत्ताच्या मुख्याध्यापिका माझ्याच हाताखाली तयार झालेल्या. त्यांनी लगेच कपाट उघडलं. दुसरं रजिस्टर. 1940 आणि 1943 ची पानं मला पाठ झाली होती, तरी पुन्हा काढली. आत्याच्या ओळीत शाळा सोडल्याची तारीख 1943 च्या जूनमधली आहे. आणि त्याच जूनमध्ये, काही पानं पुढे, माझ्या वडिलांचं नाव दाखल झालं आहे. त्याच महिन्यात आमचे धाकटे काका जन्मले होते. आजी वाडीत राबत होती, तान्ह्याला बघायला कुणीतरी हवं होतं. आत्या बाहेर पडली, वडील आत आले. वडील पुढे सातवीची फायनल परीक्षा पास झाले, नोकरीला लागले, म्हणून मी डी.एड. केलं. या दोन ओळी मी समितीच्या कामात पहिल्यांदा एकीपाठोपाठ एक वाचल्या, तेव्हा रजिस्टर मिटून अंगणात जाऊन बसले होते.

"तुमचं अक्षर चांगलं आहे बाई, तुम्हीच लिहा," मुख्याध्यापिका म्हणाल्या. मी दाखल्याचं पुस्तक पुढे ओढलं. नंबर, नाव. आईच्या नावाचा रकाना. रजिस्टरात ते नाही, म्हणून रेघ मारावी लागली. जन्मतारीख अंकी, मग अक्षरी, चौदा फेब्रुवारी एकोणीसशे चौतीस. कारणाच्या रकान्याशी हात थांबला. रजिस्टरातली नोंद आपल्या मनाने बदलता येत नाही. त्याला अर्ज, पुरावे, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. दाखल्यावर मूळ नोंदच उतरवायची. मी लिहिलं, 'घरकामामुळें'. टिंबासकट.

मुख्याध्यापिकांनी सही केली, शिक्का मारला. आत्याने तो कागद दोन्ही हातांनी धरला आणि बोट ठेवून वाचायला लागली. कारणावरून बोट न थांबता पुढे गेलं. वर्तणुकीच्या रकान्यावर थांबलं.

"चांगली," तिने वाचलं. "हे तू लिहिलंस?"

"नाही आत्या. तेव्हाच्या मास्तरांनी. मी फक्त उतरवलं."

"मास्तरांनी," ती म्हणाली. मांडवात नाव पुकारत होते, सत्कार चालू होते. तिने दाखल्याची नीट चौकोनी घडी केली, पिशवीतून प्रार्थनेचं पुस्तक काढलं आणि घडी मधल्या पानात ठेवली.